शामारेलची सात रंगांची माती



मॉरिशसला आमचा मुक्काम समुद्रकाठी होता. एक दिवस किनारा सोडून डोंगरातल्या शामारेलला गेलो. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी सोबत होतीच. तिथे लाल, तपकिरी, जांभळ्या अशा सात रंगांच्या मातीच्या उघड्या टेकड्या आहेत. ज्वालामुखीचा खडक झिजून त्याची माती झाली. विरघळणारे घटक पावसाने वाहून नेले, लोह आणि ॲल्युमिनियमची संयुगे मागे उरली. हे रंग त्यांचेच.

भोवती लाकडी कठडा आहे, पाहायचे ते बाहेरूनच. काहीजण कुरकुरले, मला मात्र तो कठडा पटला. आणि तरी दुकानात हीच माती काचेच्या छोट्या नळ्यांत विकायला दिसली, तेव्हा नातवासाठी मीच एक घेतली! आता शोकेस पुसताना ती नळी मनाला टोचते.

परदेशात आपण कांदा-बटाटा नाही ना, हे चार वेळा विचारतो. सूर्यास्ताआधी जेवतो. मग पृथ्वीकायिक जीव पाठ असलेल्या आपणच दगड, वाळू, माती पिशवीत भरून का आणतो? एका नळीने टेकडी संपत नाही, हे खरे. पण येणारा प्रत्येकजण एकेक नेऊ लागला तर? कॉमर्स शिकलेल्या मला एवढी बेरीज तिथेच सुचायला हवी होती.

अपरिग्रह फक्त घरातल्या कपाटापुरता नसावा, असे मला वाटते. पुढच्या सहलीला नातवाला वही आणि रंगपेटी देणार आहे. टेकडी आवडली, तर तिथेच बसून काढू दे.