‘ढ’ ठरवण्याआधी लेकराचा कान तपासा



वस्तीत तपासणी शिबिर लावलं की आया लेकरं घेऊन येतात. ताप, खरूज, जंत असं सगळं सांगून होतं आणि उठता उठता एक वाक्य हमखास येतं, "सिस्टर, याच्या डोक्यात काही शिरतच नाही, पक्का ढ आहे. एखादं टॉनिक द्या." लेकरू शेजारीच उभं असतं. ते ऐकतंय, हे कुणाच्या ध्यानातही येत नाही.

दवाखान्यात रक्त तपासल्याशिवाय कुणाच्या कागदावर शुगर लिहीत नाहीत. पण ‘ढ’, ‘मठ्ठ’, ‘ठोंब्या’ हे शिक्के मारायला कुठलीच तपासणी लागत नाही. मास्तर मारतात, शेजारीण मारते, दारू प्यालेला चुलता मारतो. माझं स्पष्ट मत आहे की हा शिक्का म्हणजे बिनतपासणीचं निदान आहे, आणि ज्या आजाराचं नाव त्यावर लिहिलेलं असतं तो आजार पुष्कळदा हा शिक्काच तयार करतो. मानसशास्त्र म्हटलं की आपल्याकडे ‘वेड्यांचा डॉक्टर’ आठवतो. पण या शास्त्राचं खरं काम वर्गात, घरात आणि नोकरीच्या जागी आहे, आणि आपल्या लेकरांशी त्याचा रोजचा संबंध आहे.

आधी शरीराचं बोलू, कारण तिथेच बरंचसं सापडतं. वस्तीतल्या पोरांचे कान वाहतात. सर्दी झाली, कान ठणकला, फुटला, वाहिला, थांबला, असं चालू राहतं. काहींच्या कानात पडद्यामागे पाणी साचतं. ते वाहतही नाही आणि फारसं दुखतही नाही, फक्त ऐकू कमी येतं. असं लेकरू चाळीस-पन्नास मुलांच्या गोंगाटात मागच्या रांगेत बसलं तर त्याला अर्धं वाक्य कळतं. मग ते दुसऱ्याच्या वहीत डोकावतं, आणि मास्तर म्हणतात लक्ष नाही. वाहत्या कानात गोडं तेल टाकू नका, कान-नाक-घशाच्या डॉक्टरला दाखवा. डोळ्यांचंही तसंच. फळ्यावरचं उतरवून घेताना पोरगं सारखं चुकत असेल, पण वही नाकाशी धरून वाचत असेल, तर त्याला चष्मा लागतोय. तिसरी गोष्ट रक्ताची. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या पाच वर्षांखालच्या 67 टक्के मुलांच्या अंगात रक्त कमी आढळलं. रक्त कमी असलेलं लेकरू चिडचिड करतं, पेंगतं, त्याचं चित्त टिकत नाही. शाळेत लोहाची गोळी आठवड्याला एक फुकट मिळते, लहानांना गुलाबी, दहा वर्षांपुढच्यांना निळी. गोळीने शी काळी होते म्हणून ती गटारात फेकली जाते, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. काळी शी होणं ठीक आहे, गोळी घेऊ द्या.

आणि एक चौथा प्रकार आहे, तो सगळ्यात जास्त मार खातो. पोरगं बोलण्यात तरतरीत, किराणा दुकानात सुट्ट्या पैशांचा हिशोब चोख, क्रिकेटचे आकडे तोंडपाठ. पण वाचायला बसवलं की घ चा ध होतो, भ चा म होतो, जोडाक्षरापाशी गाडी अडते. ही अध्ययन अक्षमता असू शकते. तिचा बुद्धीशी संबंध नाही. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात तिचं नाव आहे. प्रमाणपत्र असेल तर दहावी-बारावीच्या परीक्षेत जादा वेळ आणि इतर सवलती मिळतात. मुंबईत सायन रुग्णालयात यासाठी वेगळा दवाखाना आहे. तिसरी-चौथीनंतर ही तपासणी नीट होते. बंगल्यातल्या पोराला हा त्रास असला तर त्याला समुपदेशक मिळतो. आपल्या पोराला छडी मिळते, मग ते हॉटेलात टेबल पुसायला लागतं.

2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम चालू आहे. त्याचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी व अनुदानित शाळेत एकदा येऊन मुलं तपासतं, अठरा वर्षांपर्यंत. कान, डोळे, रक्त, वाढ, शिकण्यातली अडचण हे सगळं त्यात येतं, पुढचे उपचारही मोफत. पथक येणार त्या दिवशी पोरगं शाळेत हजर ठेवा आणि कार्डावर काय लिहिलं ते विचारून घ्या.

आता शिक्का काय करतो ते पाहू. अमेरिकेत रॉबर्ट रोझेन्थाल हे मानसशास्त्रज्ञ आणि लेनोर जेकबसन या मुख्याध्यापिका, यांनी कॅलिफोर्नियातल्या एका प्राथमिक शाळेत प्रयोग केला. त्याचं पुस्तक 1968 साली आलं. त्यांनी मुलांची बुद्धीची चाचणी घेतली आणि शिक्षकांना सांगितलं की यातली ही ही मुलं या वर्षी एकदम पुढे जाणार आहेत. प्रत्यक्षात ती नावं चिठ्ठ्या काढाव्यात तशी निवडली होती. वर्षअखेरीला पुन्हा चाचणी झाली तेव्हा पहिली-दुसरीतल्या त्या मुलांचे गुण इतरांपेक्षा खरंच जास्त वाढलेले होते. मोठ्या वर्गांत तसा फरक दिसला नाही, आणि या प्रयोगावर पुढे बरीच टीकाही झाली, परिणाम किती मोठा यावर अजून वाद आहे. पण वर्गात बसून पाहिलेल्या कुणालाही त्यातली गोम कळेल. ज्याच्याकडून आशा असते त्याला प्रश्न विचारून शिक्षक थांबतात, उत्तर सुचवतात, चुकलं तर समजावतात. ज्याच्याकडून नसते त्याला "बस खाली."

दुसरा प्रयोग आपल्या देशातला आहे. कार्ला हॉफ आणि प्रियंका पांडे या अर्थशास्त्रज्ञांनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत सहावी-सातवीच्या मुलांना भुलभुलय्याची कोडी सोडवायला दिली. 321 मुलं सवर्ण, 321 दलित. सुटेल त्या कोड्याला पैसे. जात जाहीर केली नाही तेव्हा दोन्हीकडची मुलं सारखीच चालली. मग दुसऱ्या तुकड्यांत सुरुवातीलाच सगळ्यांसमोर प्रत्येकाचं नाव, बापाचं नाव आणि जात वाचून दाखवली. दलित मुलांची सुटलेली कोडी जवळजवळ पाव हिश्श्याने कमी झाली. कुणी शिवी दिली नव्हती, कुणी हात उगारला नव्हता. फक्त जात मोठ्याने वाचली होती.

आता आपल्या शाळा आठवा. शिष्यवृत्तीचे फॉर्म आले की वर्गात हाक येते, "एससीवाले उभे राहा." चाळीस जणांतून सात-आठ पोरं उभी राहतात, बाकीचे वळून पाहतात. शिष्यवृत्ती हा हक्क आहे, ती घ्यायचीच. पण फॉर्म पालकांच्या हातात द्यायला काय हरकत आहे? त्या हाकेनंतरच्या तासाला गणिताची चाचणी असेल तर तिच्यात काय होईल, हे त्या प्रयोगाने सांगून ठेवलं आहे.

तिसरी गोष्ट जरा कडू आहे. रेमा हन्ना आणि ली लिंडेन या अभ्यासकांनी भारतातल्या शिक्षकांना उत्तरपत्रिका तपासायला दिल्या. वरच्या पानावर मुलाची जात लिहिलेली होती, पण ती मनाने टाकलेली, उत्तरांशी तिचा संबंध नव्हता. खालची म्हटलेली जात लिहिली असली की गुण किंचित कमी पडत होते. फरक बारीक होता. पण तो आला कुठून? सवर्ण शिक्षकांपेक्षा खालच्या म्हटलेल्या जातींतून आलेल्या शिक्षकांच्या तपासणीतून. 2012 साली हे छापून आलं. मला त्याचं फार नवल वाटलं नाही. पिढ्यान् पिढ्या कानावर पडलेलं आपल्याच जिभेवर कसं येतं, ते वस्तीतल्या कुठल्याही घरात संध्याकाळी सात वाजता ऐकू येतं. धुणीभांडी करून आलेल्या बाईचा जीव थकलेला असतो, मी तिला दोष देत नाही. पण "तुझ्या बापासारखाच निघालास" हे वाक्य लेकरू विसरत नाही.

हा शिक्का शाळेच्या फाटकापाशी सुटत नाही. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी इंग्रजी वृत्तपत्रांतल्या खासगी नोकरीच्या जाहिरातींना अर्ज पाठवून पाहिले. शिक्षण सारखं, फक्त नावं वेगळी. 2007 साली निष्कर्ष आले. सवर्ण नावाच्या तुलनेत दलित नावाला पुढचं बोलावणं येण्याची शक्यता सुमारे दोन तृतीयांश, मुसलमान नावाला त्याहून कमी. आणि नोकरी लागली तरी संपत नाही. मी डिप्लोमा करताना एका वरिष्ठ सिस्टर आमच्यातल्या तिघींना ‘कोट्यातल्या’ म्हणायच्या. त्या मागे उभ्या असल्या की शीर सापडायची नाही. त्या नसल्या की पहिल्या टोचणीत सापडायची. तेव्हा वाटायचं आपण घाबरट. त्याला शास्त्रात नाव आहे हे फार पुढे वाचलं.

यावर आपलेच काही बांधव म्हणतात, बाबासाहेबांना गोणपाटावर बसवलं, पाणी दिलं नाही, तरी ते शिकले ना? मग आपल्या पोराने दोन शब्द सोसले तर काय बिघडलं? बिघडतं. त्या काळात गोणपाटावरून उठून कायमची घरी गेलेली पोरं किती, त्यांची नावंही कुठे नाहीत. आणि भिवाच्या घरात काय होतं तेही बघा. रामजी सुभेदार पोराच्या पुस्तकांसाठी लग्न झालेल्या लेकींकडून दागिना आणून गहाण ठेवायचे. शाळा काहीही म्हणो, घराने ‘ढ’ म्हटलं नव्हतं. पुढे बाबासाहेबांनी ‘सोसा’ असं सांगितलं नाही. वसतिगृहं काढली, 1945 मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली, मग मुंबईत सिद्धार्थ आणि औरंगाबादला मिलिंद. आपल्या पोरांना मान ताठ ठेवून बसता येईल अशी जागा लागते, हे त्यांनी ओळखलं होतं.

‘हुशार’ या शब्दाबद्दलही एक सांगते. कॅरल ड्वेक आणि त्यांच्या सहकारी यांनी 1998 मध्ये दाखवलं की सोपी कोडी सोडवल्यावर "किती हुशार आहेस" म्हटलेली मुलं पुढे अवघड कोड्यात अडली की लवकर खचली, "चांगली मेहनत घेतलीस" म्हटलेली टिकली. तेव्हा थोरली हुशार, धाकटा ढ अशी वाटणी करू नका, त्यात दोघंही मरतात. वही उघडून बघा आणि जे केलंय त्याचं नाव घेऊन बोला, "आज पाढा न अडखळता म्हटलास." वाचता येत नसलं तरी हे करता येतं. पोराला मोठ्याने वाचायला लावा आणि ऐका.

शाळेशी बोलताना कायदा हाताशी असू द्या. शिक्षण हक्क कायदा 2009, कलम 17, मुलाला मारणं आणि त्याचा मानसिक छळ करणं दोन्हीला मनाई करतं. रोज वर्गासमोर मठ्ठ म्हणणं हा छळच आहे, असं लेखी द्या. सरकारी आणि अनुदानित शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते, तिच्यात तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या बायका लागतात, वंचित घटकांतल्या पालकांनाही जागा असते. आपल्या कितीतरी शाळांत ही समिती कागदावर आहे, सह्या घरी येऊन घेतल्या जातात. सभेची तारीख मुख्याध्यापकांना विचारा. रोज बुडतो म्हणून जाता येत नसेल तर महिला मंडळातल्या दोघीदोघींनी आलटून पालटून जा, आणि पहिल्याच सभेत दोन विषय मांडा : तपासणी पथक कधी येणार, आणि शिष्यवृत्तीचे फॉर्म वर्गात हाक न मारता कसे वाटणार.