‘नराधम’ या शब्दाची सोय

बालकावरील लैंगिक अत्याचाराची बातमी आली की वृत्तपत्रांच्या मथळ्यात ‘नराधम’ हा शब्द ठरल्याप्रमाणे येतो. संताप व्यक्त करण्यास तो पुरेसा असेल; प्रश्न समजून घेण्यास मात्र तो निरुपयोगी, किंबहुना घातक आहे. नराधम म्हटले की तो मनुष्य आपल्यातला उरत नाही. तो कोठून तरी बाहेरून येतो आणि त्याला संपविले की प्रश्न संपतो, अशी समाजाची सोयीस्कर समजूत होते.

वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२१ च्या आकडेवारीनुसार पॉक्सो कायद्याच्या ४ व ६ या कलमांखालील गुन्ह्यांत शेकडा ९५ हून अधिक आरोपी बालकाच्या परिचयाचे होते. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत १३ राज्यांतील १२ हजारांवर मुलांपैकी निम्म्याहून अधिक मुलांनी कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचा अत्याचार सोसल्याचे सांगितले. त्यांत मुलगे मुलींहून थोडे अधिकच होते. बहुतेकांनी ही गोष्ट कोणाजवळच बोलून दाखविली नव्हती. ज्याच्याविरुद्ध बोलायचे त्याच्याच कमाईवर पुष्कळदा घरची चूल पेटत असते. २०१९ च्या दुरुस्तीने या कायद्यात मृत्युदंड आणला, तेव्हा त्याचे सर्वत्र स्वागत झाले. पण पोटच्या मुलाला फासावर चढविण्यासाठी कोणती आजी नातीच्या बाजूने साक्ष देईल, याचा विचार त्या जल्लोषात कोणी केला?

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या एका शाळेतील दोन चिमुकल्यांच्या पालकांना तक्रार नोंदविण्यासाठीच पोलीस ठाण्यात तासन्‌तास तिष्ठावे लागले. २० ऑगस्टला हजारो लोक रेल्वे रुळांवर उतरले. तो उद्रेक खराच होता. त्याविना यंत्रणा हललीही नसती. परंतु मुख्य मागणी राहिली ती फाशीची. आरोपी हा कंत्राटी सफाई कामगार. २३ सप्टेंबरला तो पोलिसांच्या ताब्यात असतानाच पोलिसांच्या गोळीने मारला गेला, ‘बदला पुरा’चे फलक झळकले, आणि त्याच्यावरील खटला तेथेच संपला. हाताखालच्या माणसाने केलेला असा गुन्हा दडविणाऱ्या संस्थाचालकास याच कायद्यात एक वर्षापर्यंत कैदेची तरतूद आहे. तिच्यासाठी कोणी फलक लावले नाहीत. झाडूवाला राक्षस ठरणे सोपे. विश्वस्तांना जाब विचारणे अवघड. वर्गीय समाजात संतापालाही उतार सापडतो, तो असा.

संरक्षणाचे काम रुक्ष आहे आणि त्याला पैसा लागतो. लहान मुलींच्या स्वच्छतागृहापाशी कायम पगारावरची सेविका नेमायची तर कंत्राटातली बचत सोडावी लागते. बालकल्याण समितीतील रिक्त जागा, न्यायालयात मुलासोबत बसणारी आधारव्यक्ती, हे अंदाजपत्रकाचे प्रश्न आहेत. कार्यकर्त्यांनी आपल्या प्रभागातील शाळांत जाऊन एवढे तरी पाहावे : सखी-सावित्री समितीची शेवटची बैठक केव्हा झाली? कर्मचाऱ्यांची पूर्वचौकशी कोणी केली? आणि १०९८ हा क्रमांक मुख्याध्यापकांच्या दालनात नव्हे, तर वर्गाच्या भिंतीवर, मुलाच्या नजरेच्या उंचीवर लिहिलेला आहे काय?