क्षयाच्या गोळ्या आणि मामाची नजर

क्षयाच्या गोळ्या सुरू झाल्यावर लघवी केशरी दिसली की रुग्ण दुसऱ्याच दिवशी घाबरून विचारायला येतो. तो रिफाम्पिसिनचा निरुपद्रवी परिणाम असतो. मात्र दोन-तीन महिन्यांनी लाल-हिरवे रंग फिके वाटू लागले, अक्षरे पुसट झाली, तर तो चष्म्याचे दुकान गाठतो. खरा धोका तिथे असतो.

देशातल्या सहा महिन्यांच्या नेहमीच्या उपचारात एथाम्ब्यूटॉल शेवटपर्यंत असते. डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसेला ते इजा करू शकते. मात्रा जास्त झाली किंवा मूत्रपिंड दुबळे असले की हा धोका वाढतो. योग्य मात्रेत असे थोड्यांनाच होते आणि औषध वेळीच थांबवले तर बऱ्याच जणांची नजर सुधारते.

काहींची ही नस मात्र जन्मापासूनच नाजूक असते. ‘लेबर’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आनुवंशिक विकारात पेशींना ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियाच्या जनुकांत दोष असतो. हा दोष आईकडूनच येतो. तो असूनही अनेकांना, विशेषतः स्त्रियांना, आयुष्यभर स्वच्छ दिसते. त्यामुळे आपण वाहक आहोत याचा त्यांना पत्ताच नसतो. एथाम्ब्यूटॉल घेताना अशा वाहकांची दृष्टी गेल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. त्या मोजक्या आहेत. दृष्टी औषधाने गेली की तशीही जाणारच होती, हे प्रत्येक वेळी सांगता येत नाही. तरी अशा नसेवर न विचारता भार टाकणे मला पटत नाही.

हा प्रश्न आता आणखी महत्त्वाचा झाला आहे. औषधांना दाद न देणाऱ्या क्षयासाठी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये चार औषधांच्या नव्या, कमी मुदतीच्या उपचाराला मंजुरी दिली. रुग्णांसाठी ही मोठी सुटका आहे. पण त्या चारांतले लिनेझोलिड जंतूंची प्रथिननिर्मिती रोखते, आणि मायटोकॉन्ड्रियातली प्रथिने बनवणारी यंत्रणा जंतूंसारखीच असल्याने तिलाही झळ बसते.

प्रत्येकाची जनुकचाचणी शक्य नाही. पण औषध सुरू करताना अक्षरांचा तक्ता आणि रंगांची चाचणी होऊ शकते. शिवाय एक प्रश्न विचारता येतो: आईकडच्या नात्यात, म्हणजे मामा किंवा मावशीच्या मुलांपैकी, कुणाची नजर तरुणपणी, डोळा न दुखता, काही आठवड्यांत गेली होती का? उत्तर ‘हो’ आले तरी गोळ्या आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत. क्षय जीव घेतो. औषध बदलायचे की डोळे वरचेवर तपासत तेच चालू ठेवायचे, हे डॉक्टरांनी ठरवायचे. काकांची नजर गेली असेल तर ती या हिशेबात येत नाही.