भावाला क्लास, बहिणीला उरलेली पुस्तकं

सी.ए. व्हायचं म्हटलं की घरात पहिला हिशेब होतो क्लासच्या फीचा, आणि त्या हिशेबात मुलगी मुलाच्या मागे उभी असते. आमच्या वस्तीतल्या कामात हे फार उघडपणे दिसतं. मुलासाठी कर्ज काढून पुण्यात क्लास, मुलीला मात्र, "तू हुशार आहेस, घरी बसूनही करशील." या कौतुकाची किंमत तिनेच मोजायची! वर दादाची पाच वर्षांपूर्वीची पुस्तकं आहेतच.

जुनी पुस्तकं सरसकट टाकाऊ नसतात. जमाखर्चाची मूलतत्त्वं, कॉस्टिंगची गणितं सरावाला कामी येतात. कराचं जुनं पुस्तक मात्र फुकट मिळालं तरी घेऊ नये. दरवर्षीच्या वित्त कायद्याने त्यात बदल होतात, आणि आता तर १९६१च्या आयकर कायद्याची जागा १ एप्रिल २०२६पासून २०२५च्या कायद्याने घेतली आहे. शिवाय २०२३ साली अभ्यासक्रमच बदलला. इंटरचे आठ पेपर होते, ते सहा झाले. दादाच्या गठ्ठ्यातला बराच भाग तिथेच रद्दीत जमा.

मुळात महागड्या नोट्सची गरज कितपत आहे? परीक्षा घेणारी इन्स्टिट्यूट स्वतःच अभ्यासाचं साहित्य तयार करते आणि ते तिच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतं. पाठ्यपुस्तकं, रिव्हिजन टेस्ट पेपर, मॉक टेस्ट, मागच्या प्रश्नपत्रिकांची सुचवलेली उत्तरं, सगळं. आधी हे पुरतं वाचावं. एखाद्या विषयात अडलंच तर त्या एका विषयाचं बाजारातलं पुस्तक घ्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे. बाजार भीतीवर चालतो. मुलींच्या भीतीत तर 'पहिल्या प्रयत्नात झालं नाही तर लग्न' याची भर असते. त्यापायी एकेका विषयाचे तीन-तीन संच घेतले जातात आणि एकही धड वाचून होत नाही.

पण 'विनामूल्य' हा शब्दही तपासून घ्यायला हवा. पीडीएफ वाचायला फोन लागतो. घरात चांगला फोन एकच, तो वडिलांच्या खिशात नाहीतर भावाच्या हातात. शेकडो पानं छापून घ्यायची तर झेरॉक्सवाल्याचे पैसे कुणी द्यायचे? त्यात साहित्य इंग्रजीत किंवा हिंदीत, परीक्षाही त्याच दोन भाषांत. मराठीतून कॉमर्स शिकलेल्या मुलीला किर्द, खतावणी, तेरीज, घसारा हे सगळं पाठ असतं. जर्नल, लेजर, ट्रायल बॅलन्स, डेप्रिसिएशन म्हटलं की तीच मुलगी बिचकते. तिला येत नाही असं नाही, नावं बदललेली असतात. तिला सर्वांत आधी हवी शब्दांची एक वही, आणि ती मुलींनी मिळून एका रविवारात सुरू करता येते.

छापील संचही चौघींत एक पुरतो, फक्त चौघींना बसायला जागा हवी. अभ्यासिका रात्री उशिरापर्यंत उघड्या असतात, पण त्या मुलांसाठी. मुलीला दिवेलागणीला घरी यावं लागतं, आल्यावर भाकऱ्या. महिला मंडळांच्या खोल्या संध्याकाळी कुलूपबंदच असतात. हळदीकुंकवाला त्या उघडतात, तशा संध्याकाळी सहा ते नऊ उघडायला काय हरकत आहे? एक कपाट, एक जुना संगणक आणि किल्ली सांभाळणारी एक बाई एवढं पुरेल. आपापल्या गावच्या मंडळाकडे ही मागणी लेखी द्यावी आणि काय उत्तर येतं ते आम्हाला कळवावं.