संगीताला श्रोते आहेत, अभ्यासक हवेत

दिवाळीची पहाट उजाडली की महाराष्ट्रातील लहान-मोठ्या शहरांत नाट्यगृहे रसिकांनी भरून जातात. पुण्यात १९५३पासून चालत आलेल्या सवाई गंधर्व महोत्सवाला थंडीची पर्वा न करता कुटुंबेच्या कुटुंबे हजेरी लावतात. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांना मुले बसवणारी घरे गावोगावी आहेत. मराठी मध्यमवर्गाच्या संगीतप्रेमाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. मात्र अशाच एखाद्या घरातील मुलीने बारावीनंतर ‘संगीताचा इतिहास आणि समीक्षा या विषयांचा विद्यापीठात अभ्यास करायचा आहे’ असे सांगितले, तर घरात क्षणभर शांतता पसरते. गायचे असेल तर गा, शिकवायचे असेल तर शिकव. पण गाण्याविषयी नुसता अभ्यास करून होणार काय, असा प्रश्न वडीलधारी मंडळी विचारतात. त्या प्रश्नात पोटापाण्याची काळजी असते आणि ती रास्तच आहे. परंतु संगीत ही केवळ करमणुकीची किंवा फार तर साधनेची गोष्ट आहे, ज्ञानाची नव्हे, हा समजही त्यात दडलेला असतो, आणि हा समज या भूमीचा नाही.

ज्या देवगिरीच्या पायथ्याशी आज सहलीच्या बसगाड्या थांबतात, तेथेच तेराव्या शतकात यादवराजा सिंघणाच्या आश्रयाला असलेल्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. त्याचे आजोबा काश्मीरहून दक्षिणेत आलेले, आणि तो स्वतः राजदरबारी हिशेबाच्या कामावरचा अधिकारी. स्वर, राग, प्रकीर्णक, प्रबंध, ताल, वाद्य आणि नृत्य अशा सात अध्यायांचा हा ग्रंथ उत्तरेत आणि दक्षिणेतही प्रमाण मानला गेला. त्यावर विजयनगरच्या राज्यात कल्लिनाथाने टीका लिहिली. काश्मीरचा वंश, महाराष्ट्रातील ग्रंथ आणि कर्नाटकातील टीकाकार! भारताची सांस्कृतिक एकात्मता ही इंग्रजांची देणगी आहे, असे सांगणाऱ्यांनी हा प्रवास जरूर पाहावा. कल्लिनाथाच्या टीकेसह हा ग्रंथ पुण्याच्या आनंदाश्रमाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस छापलाही. त्याच्याही आधी, बाराव्या शतकात, चालुक्य राजा सोमेश्वराने ‘मानसोल्लासा’त महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात, अशी नोंद करून ठेवली. उखळाशी गायले जाणारे गाणे राजाच्या संस्कृत ग्रंथात नोंदवण्याजोगे वाटावे, एवढी व्यापक दृष्टी त्या काळच्या विद्याव्यवहारात होती.

मग खंड कोठे पडला? इंग्रजी राजवटीत उभ्या राहिलेल्या विद्यापीठांनी या विद्येला दार उघडले नाही. व्हिएन्ना विद्यापीठाने वृत्तपत्रातून संगीतसमीक्षा लिहिणाऱ्या एडुआर्ड हान्सलिक यांना १८७०मध्ये संगीताचा इतिहास आणि सौंदर्यशास्त्र या विषयांचे प्राध्यापकपद दिले. १८८५मध्ये गिडो अ‍ॅडलर यांनी संगीतशास्त्राची ऐतिहासिक आणि पद्धतशीर अशी शाखावार मांडणी केली. त्याच वर्षी मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयातून विष्णू नारायण भातखंडे पदवीधर झाले. पुढे त्यांनी वकिली सोडली, देश पालथा घातला, पोथ्या उतरवून घेतल्या, उस्तादांकडून चिजा मिळवल्या आणि ‘हिंदुस्तानी संगीत पद्धती’चे चार खंड मराठीत लिहिले. हे सारे कोणत्याही विद्यापीठाच्या पगाराविना! सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल सरकारी नोकरी सांभाळून बावीस श्रुतींचे गणित मांडत होते आणि त्या प्रयोगांत अब्दुल करीम खाँसाहेबांचा गळा त्यांच्या साहाय्याला होता. केशवराव भोळे टोपणनावाने समीक्षा लिहीत, गोविंदराव टेंबे आत्मकथनातून लिहीत, तर ‘घरंदाज गायकी’ लिहिणारे वामनराव देशपांडे व्यवसायाने सनदी लेखापाल होते. मराठीतील संगीतविचार उभा केला तो असा, फावल्या वेळात आणि पदरमोड करून. त्याचा अभिमान वाटतोच. पण एका समाजाने आपली एवढी मोठी विद्या पिढ्यानपिढ्या हौशी माणसांच्या भरवशावर सोडावी, हे काही भूषण नव्हे.

स्वातंत्र्यानंतर चित्र काहीसे पालटले. बनारस हिंदू विद्यापीठात पं. ओंकारनाथ ठाकूर यांनी संगीताचे शिक्षण उभे केले आणि त्यांच्या परंपरेतील डॉ. प्रेमलता शर्मा यांनी ‘बृहद्देशी’सारख्या ग्रंथांची चिकित्सक संपादने केली. १९५६मध्ये खैरागडला संगीत आणि कलांसाठी स्वतंत्र विद्यापीठ निघाले. मुंबई विद्यापीठाच्या संगीत केंद्राची धुरा डॉ. अशोक रानडे यांनी सांभाळली. आदिम, लोक, भक्ती, कला, जन अशा कोटी मांडून भारतीय संगीताचा विचार भारतीय अनुभवातूनच करता येतो, हे त्यांनी दाखवले. पण ही शिखरे आहेत. सपाटीवर काय दिसते? बहुतेक ठिकाणी ‘शास्त्र’ नावाची प्रश्नपत्रिका म्हणजे थाट, वादी-संवादी आणि कलावंतांच्या चरित्रांच्या टिपा. भूप आणि देशकार या दोन रागांत स्वर तेच पाच असतात, तरी एक कल्याण थाटात आणि दुसरा बिलावल थाटात का घातला जातो, ऐकताना ते वेगळे का वाटतात, हे विद्यार्थ्याला विचारले जात नाही. खरे तर समीक्षेचा पहिला धडा नेमका तेथेच आहे. संघाच्या घोषात वंशीवर भूप वाजवणाऱ्या स्वयंसेवकालाही हा प्रश्न पडायला हरकत नाही.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे बोलायला हवी. प्राचीनतेचा अभिमान बाळगणाऱ्यांना हा अभ्यास दर वेळी सोयीचा ठरेलच असे नाही. १९१६च्या बडोदा परिषदेत भातखंड्यांनी असे मांडले की, आज गायले जाणारे उत्तरेचे संगीत भरत-शार्ङ्गदेवांच्या ग्रंथांवरून थेट सिद्ध करता येत नाही. मध्ये फार मोठे स्थित्यंतर झाले आहे. ओंकारनाथजींसारख्यांना ते मान्य नव्हते आणि त्यांनी भरताशी असलेला धागा जोडून दाखवण्याचा प्रयत्न केला. दोघेही निष्ठावान हिंदू आणि दोघेही संस्कृत ग्रंथांचे उपासक. वाद मात्र कडाक्याचा. पूर्वपक्ष पूर्ण ऐकून मग उत्तरपक्ष मांडण्याची आपली शास्त्रपरंपरा हीच. ‘सारे वेदांत होते’ एवढे बोलून टाळ्या घेणाऱ्याने या परंपरेची सेवा केली असे म्हणता येत नाही. सामगानाचा आजच्या संगीताशी संबंध काय, याचे उत्तर घोषणेने मिळणार नाही. त्यासाठी सामवेदी घराण्यांकडे जाऊन बसावे लागेल.

राष्ट्रीय शिक्षण धोरण, २०२०नंतर भारतीय ज्ञानप्रणालीला अभ्यासक्रमात जागा मिळाली आहे. कित्येक वर्षांच्या मागणीनंतर आलेली ही संधी आहे. परंतु ती जागा चार व्याख्याने आणि एका चित्रफितीने भरून काढली जाण्याचा धोकाही तितकाच मोठा आहे. संस्कृत विभाग आणि संगीत विभाग एकाच आवारात असूनही परस्परांशी बोलत नसतील, तर ‘रत्नाकर’ शिकवणार कोण? संस्कृत जाणणाऱ्याला स्वर कळत नाही आणि स्वर जाणणाऱ्याला श्लोक लागत नाही, ही अडचण पाठ्यपुस्तक बदलून सुटणारी नाही. दोन्ही विभागांनी मिळून एक पदव्युत्तर अभ्यासक्रम चालवावा, गुरूकडील तालमीला त्यात श्रेयांक द्यावेत आणि संस्कृतिप्रेमी धनिकांनी एखादा सोहळा कमी करून दोन शिष्यवृत्त्या ठेवाव्यात, एवढे तरी सहज करता येईल.

काम किती पडले आहे, हे पाहण्यासाठी तंजावरकडे नजर टाकावी. तेथील भोसले राजांनी संगीताला केवळ आश्रय दिला नाही, तर त्यावर ग्रंथही लिहिले. तुळजाराजांचा ‘संगीतसारामृत’ दक्षिणेच्या संगीताचा इतिहास लिहिणाऱ्या कोणालाही टाळता येत नाही. सरस्वती महालातील संस्कृत, तेलुगू आणि मराठी हस्तलिखितांपर्यंत पोहोचायचे तर या भाषा हव्यात, मोडी वाचता यायला हवी आणि कानही तयार हवा. हे सारे अंगी असलेला विद्यार्थी घडायला आठ-दहा वर्षे लागतात. बारावीनंतरच्या त्या मुलीला घरातून होकार मिळाला, तर ती पंचविशी-तिशीत त्या पोथ्यांपाशी पोहोचेल.