पटावर पहिल्यांदा आलेला माणूस, तोच तुमचा गिऱ्हाईक

शंकरपट म्हटलं की आपल्यातले बहुतेक जण चहा-भजीचंच दुकान मांडतात. मला हे पटत नाही. पटाचा जुना शौकीन घरून डबा आणतो, सावलीची जागा सकाळीच धरतो. खिशात हात घालतो तो पहिल्यांदा आलेला, बाहेरगावचा, लेकराबाळांना घेऊन आलेला माणूस. त्याच्याकडे टोपी नसते, पाणी संपलेलं असतं, मोबाइलची बॅटरी व्हिडिओ काढण्यातच गेलेली असते. वरून जोडीचा नंबर सेकंदावर कसा ठरतो, तेही त्याला कळत नाही. त्याला टोपी, थंड पाणी, चार्जिंग आणि बसायला सतरंजी द्या, दोन वाक्यांत खेळ समजावून सांगा. अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरच्या पटात तर बायाही जोड्या हाकतात. तेव्हा फक्त पुरुषांचा विचार करून माल भरू नका.

पण कर्ज काढून तर अजिबात नाही! २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टाने शर्यती बंद केल्या, त्या डिसेंबर २०२१ मध्ये सुरू झाल्या. मे २०२३ मध्ये कोर्टाने राज्याचा कायदा कायम ठेवला, तरी कलेक्टरची परवानगी लागतेच. मधली सात वर्षं तुमचा हप्ता कोण भरणार होतं?

आधी घराजवळ करून पाहा. आपल्या जळगाव जामोद तालुक्यातच भेंडवळची घटमांडणी होते, अक्षय्य तृतीयेला, ऐन उन्हाळ्यात. भाकीत दुसऱ्या दिवशी पहाटे ऐकायचं असतं. दोन हजारांचा माल घ्या. पहाटे चहा, ऊन चढलं की टोप्या आणि पाणी. काय गेलं, काय उरलं, वहीत लिहा आणि मगच पटाकडे वळा.