मातीचा नकाशा काढला, कसणारा कुठाय?



मी नकाशे रंगवतो. पोटासाठी. पुण्यात एका ठेकेदाराच्या ऑफिसात, कंत्राटी. समोर उपग्रहाचं चित्र. त्याच्यावर गावाचा गट नकाशा बसवायचा, बांधाबांधाने माऊस फिरवायचा, तुकडा बंद करायचा, रंग भरायचा. खोल काळी जमीन गडद. मुरमाड जमीन फिकी. पडीक करडी. दिवसाचे तुकडे ठरलेले. कमी भरले की पगार कापतात.

मागच्या उन्हाळ्यात फाईल उघडली आणि माझंच गाव समोर आलं. बीडकडचं. पाटलाचा मळा ओळखला, ओढा ओळखला, मग गायरानाचा गट आला. त्याच्या पोटात माझ्या आजीचे तीन एकर. ७२ च्या दुष्काळानंतर आजा-आजीने दगड वेचून, ताली घालून केलेले. चित्रात ताल सरळ दिसत होती. बाजरीच्या ओळीही दिसत होत्या. यादीतला पर्याय एकच होता : पडीक. मी बटण दाबलं. पन्नास वर्षांची मेहनत करडी झाली. माझ्याच हाताने.

सुपरवायझरला म्हटलं, इथं पीक आहे. तो म्हणाला, "सातबारा कुणाचा?" म्हटलं, सरकारचा. "मग पडीक टाक. नकाशाला जातबीत नसते."

ही शेवटची ओळ मला झोपू देत नाही. म्हणून हे लिहितोय.

आता ह्या नकाशाचं प्रकरण नीट समजून घ्या. हे आपल्या कामाचं आहे. देशाच्या मातीची पाहणी करणारी राष्ट्रीय संस्था १९७६ पासून आपल्याच नागपुरात बसलीय. दीक्षाभूमीच्या शहरात. राज्याराज्यांचे मातीचे नकाशे तिने आधी एका सेंटिमीटरला अडीच किलोमीटर ह्या मापाने काढले. म्हणजे नकाशावरच्या एका चौरस सेंटिमीटरात ६२५ हेक्टर. दीड हजार एकर एका नखाखाली. त्यात आपलं दोन-तीन एकराचं तुकडं कुठून दिसणार? ठिपकासुद्धा नाही.

आता माप बदललंय. २ सप्टेंबर २०२४ ला केंद्राच्या मंत्रिमंडळाने २,८१७ कोटींचं डिजिटल कृषी मिशन मंजूर केलं. १४ कोटी २० लाख हेक्टर शेतजमिनीच्या मातीचे नकाशे एकास दहा हजार ह्या मापाने काढायचे. सुमारे २ कोटी ९० लाख हेक्टरचं काम तेव्हाच झालेलं होतं. ह्या मापात नकाशावरचा एक चौरस सेंटिमीटर म्हणजे बरोबर एक हेक्टर. अडीच एकर. म्हणजे पहिल्यांदाच सरकारच्या नकाशाचा डोळा आपल्या तुकड्याएवढा बारीक झालाय. त्याच मिशनमध्ये शेतकऱ्याची नोंद, गावाचा नकाशा आणि पेरलेलं पीक एकमेकांना जोडायचंय. तेव्हापर्यंत १९ राज्यांनी केंद्राशी करार केले होते. दिल्ली राज्याला माहिती देणार, राज्य दिल्लीला देणार, एक खातं दुसऱ्या खात्याला देणार. ह्याला म्हणतात राष्ट्रीय सहकार्य.

छान आहे. मी ह्याच्या विरोधात नाही. कुठल्या मातीत किती पाणी मुरतं, कुठं काय पिकेल, कुठं खत वाया जाईल, हे देशाला कळलंच पाहिजे. माझा सवाल एवढाच : ह्या देवाणघेवाणीत आपण कुठाय?

शेतकऱ्याची नोंद जमिनीच्या नोंदीला बांधलेली. महाराष्ट्रात २०२५ पासून शेतीच्या योजनांना हा शेतकरी ओळख क्रमांक लागतो. ज्याचा सातबारा, तो शेतकरी. जिच्या हाताला घट्टे, ती कोण? अतिक्रमणदार.

जमीन आरोग्य पत्रिकेचंही तेच. २०१५ ला योजना निघाली. माती तपासून बारा गोष्टी सांगणारा कागद. पण सुरुवातीच्या फेऱ्यांत कोरडवाहू भागात दहा हेक्टरला एक नमुना घ्यायचा नियम होता. पंचवीस एकरांना एक मूठ माती. पंचवीस एकरांत काळ्या रानाची पट्टी असते आणि टेकाडाचा मुरूमही असतो. मूठ कुठली उचलायची हे कोण ठरवणार? गाडी जिथं उभी राहते तिथली. गाडी महारवाड्याच्या वरच्या माळावर चढत नाही.

सुट्टीत गावी गेलो. आजीला मोबाईलवर नकाशा दाखवला. म्हटलं, आज्जे, तुझ्या रानाची माती किती खोल आहे हे शास्त्रज्ञ सांगतात. ती हसली. "त्येला शास्त्रज्ञ कशाला रं? ईतभर माती, खाली समदा मुरूम. म्या कुदळीनं मोजलीय." नकाशाच्या शास्त्रात पंचवीस सेंटिमीटरपेक्षा कमी खोलीची जमीन म्हणजे अति उथळ. आजीची वीत बावीस सेंटिमीटर भरली. शास्त्र आणि म्हातारी एकाच जागी पोचली होती. एकाला पगार, दुसरीला नोटीस.

हे ईतभर मातीचं प्रकरण काही एकट्या माझ्या आजीचं नाही. महार वतनाच्या जमिनीला गावाने नाव काय दिलं होतं? हाडकी, हाडवळा. नावातच हाडं. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात वतनाच्या गुलामीवर बिल आणलं. वतनं कायद्याने जायला १९५८ उजाडलं. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ साली पडीक जमिनीसाठी सत्याग्रह केले, माणसं हजारोंनी तुरुंगात गेली. त्यांनी काळी कसदार जमीन मागितली नव्हती. पडीक मागितली होती. गावाला नको असलेली. तीसुद्धा सुखासुखी मिळाली नाही.

आता नकाशाला जात नसते म्हणणाऱ्यांना सांगतो. २०१५-१६ च्या कृषिगणनेत सरकारने जातीनिहाय शेती मोजलीय. देशातल्या वहिती खात्यांपैकी अनुसूचित जातींची खाती सुमारे १२ टक्के. क्षेत्र मात्र ९ टक्क्यांहून कमी. लोकसंख्येतला आपला वाटा २०११ च्या जनगणनेत १६.६ टक्के. म्हणजे जातीचा रकाना सरकारजवळ आहे. एका फाईलीत कुणाची किती जमीन, दुसऱ्या फाईलीत कुठली माती किती खोल. एवढी खाती जोडली, एवढी राज्यं जोडली. ह्या दोन फाईली का जोडत नाहीत? जोडून बघा. गडद रंग कुणाच्या नावावर आणि फिका कुणाच्या, हे एका पानावर दिसेल. त्या पानाची भीती आहे म्हणून सहकार्य नेमकं तिथंच थांबतं.

१९४७ साली 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये बाबासाहेबांनी शेती हा राज्याचा उद्योग करा, जमीन राष्ट्राची करा आणि जातधर्म न बघता गावकऱ्यांना सामुदायिक रीतीने कसायला द्या, अशी मांडणी केली. लोकांनी ती बासनात बांधली. आज मातीची माहिती राष्ट्राची झाली, माती ज्याची होती त्याचीच राहिली.

आजीने मला एक प्रश्न विचारला, त्याचं उत्तर माझ्याजवळ चटकन नव्हतं. "नकाशात नाव लिवलं तर रान ठेवतेल का काढून घेतेल?" म्हातारीची भीती खरी आहे. २०११ साली सुप्रीम कोर्टाने गावाच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं काढा म्हणून सांगितलं. २०२२ मध्ये गायरानांचा विषय मुंबई हायकोर्टात गेला आणि गावोगाव नोटिसा निघाल्या. तोच नकाशा बुलडोझरला रस्ता दाखवू शकतो.

पण विचार करा. उपग्रह आपल्याला बघतोच आहे. लपून काय वाचणार? लपलाय तो आपला पुरावा. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची भूमिहीनांची शेतीसाठीची अतिक्रमणं नियमित करायची होती. सुप्रीम कोर्टाच्या त्याच निकालातही शासनाच्या आदेशाने भूमिहीनांना आणि दलित-आदिवासींना दिलेल्या जमिनींचा अपवाद आहे. पण पुरावा कुठला? गावचा नमुना एक-ई, अतिक्रमणाची नोंदवही. आजीचं नाव त्यात आहे की नाही हे विचारायला माझा बाप तीन वेळा गेला. तीन वेळा दप्तर सापडलं नाही. नकाशाला सगळं सापडतं आणि दप्तराला आजी सापडत नाही!

आणि आपण? आपण शहरात १४ एप्रिलला डीजे लावतो, फ्लॅटचं कर्ज फेडतो, गावच्या रानाचं नाव निघालं की 'काय ठेवलंय तिथं' म्हणतो. पुढारी तर जमिनीचा ज सुद्धा काढत नाहीत. मीही त्यातलाच. मी तर रंग भरला.

म्हणून आता बोलणं पुरे. मागण्या साध्या आहेत. मातीचा नकाशा करताना नमुना एक-ई त्याला जोडा. कसणाऱ्याची नोंद कसणारा म्हणून करा. जिथं पीक दिसतं तिथं पडीक लिहू नका. प्रत्येक गावाचा नकाशा मराठीत, चावडीवर आणि आपल्या वस्तीतही लावा. मातीचा दर्जा आणि मालकाची जात एका तक्त्यात छापा.

आणि सरकार करेपर्यंत थांबायचं नाही. ह्या सुट्टीत गावी जा. माहितीच्या अधिकारात एक-ईची नक्कल मागा. म्हाताऱ्यांना बरोबर घेऊन रानाच्या चारी कोपऱ्यांवर उभे राहा, मोबाईलवर जागेच्या खुणा घ्या, तालीचे फोटो तारखेसकट ठेवा, कुदळीने खोली मोजा, वहीत लिहा. दहा गावांच्या दहा वह्या एकत्र आल्या की आपलाही नकाशा तयार होतो. तोही राष्ट्रीय सहकार्यच आहे. खालून झालेलं.

मी सुरुवात केलीय. आजीच्या तीन एकरांचे कोपरे घेतलेत. माझ्या वहीत त्याचा रंग हिरवा आहे.

जयभीम.